पहिल्या सरीचा घास

सकाळी पाणी घालण्याआधी ऑर्किडचं मूळ जवळून बघावं. कुंडीबाहेर लोंबणारं, कोरडं, रुपेरी पांढरं. फक्त टोकाशी नखाएवढा भाग हिरवागार आणि तुकतुकीत असतो, कारण तिथं वाढ चालू असते. त्या पांढऱ्या अंगावर थेंब टाकला की पडल्या जागेपासून हिरवा रंग पसरू लागतो आणि बघता बघता सबंध मूळ हिरवं होतं. हिरवेपण आत आधीपासूनच असतं. मुळाभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं एक आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. त्या पोकळ्यांत हवा असते तोवर मूळ पांढरं दिसतं. पाणी भरलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसायला लागतं.

ऑर्किडला काय घालावं, किती घालावं, हे सगळं या मेलेल्या कातडीत लिहिलेलं आहे असं मला वाटतं.

आमच्याकडे कोकणात आंब्यावर व्हँडा असतो. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मध्ये जांभळट ओठ, आणि उन्हं चढली की गोड वास. पुष्कळजण त्याला बांडगूळ समजून कोयतीनं काढून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळं खुपसून रस पितं. व्हँडा आंब्याकडून बसायला जागा घेतो, बाकी काही नाही. सालीला मुळांनी घट्ट धरून तो वर्षानुवर्षं राहतो. माती नाही, शेणखत नाही. मग जगतो कशावर?

पावसाच्या पहिल्या सरीवर. आठ महिने पानांवर धूळ बसलेली असते, फांद्यांवर पाखरांची शीट वाळलेली असते, सालीच्या भेगांत कुजका पाला आणि मेलेले किडे साठलेले असतात. पहिली सर हे सगळं धुऊन खाली आणते. पानांतलं पालाशसुद्धा पावसानं सहज धुऊन निघतं. फांदीवरून उतरणारं हे पहिलं पाणी सर्वांत सकस. पुढचा पाऊस तासन्‌तास कोसळला तरी ते पाणी जवळजवळ नितळच असतं. वेलामेन नेमकं ते पहिलं पाणी टिपून घेतं आणि त्यातले क्षार धरून ठेवतं. एकदा भरलं की नंतरच्या पाण्याला आत फारशी जागा उरत नाही.

हे कळल्यावर माझी खत घालायची रीत बदलली. आधी साधं पाणी, मग खत, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. खत कडक असेल तर ते योग्यच आहे, कारण कोरड्या मुळावर कडक द्रावण पडलं की टोक काळं पडून करपतं. पण खत पुरेसं पातळ केलं, तर ते कोरड्या मुळालाच आधी द्यावं, अगदी पहिल्या सरीसारखं. मुळं हिरवी झाली की थांबावं.

शेजारच्या काकूंना हे पटत नाही. परवा कठड्याशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, एवढ्याशानं काय होणार? पोट तरी भरेल का त्याचं?" मी म्हटलं, "काकू, त्याला पोट भरून जेवायची सवयच नाही." त्यांच्या हातात मासे धुतलेल्या पाण्याचं पातेलं होतं आणि त्या निघाल्या होत्या कढीपत्त्याकडे. कढीपत्ता ते आनंदानं पितो, माडही पितो. ऑर्किडवर ते तसंच ओतलं तर मुळं कुजतील, वर माशा आणि मुंग्या.

तेच मासे नीट मुरवले तर मात्र उत्तम खत होतं. आतडी, कल्ले, डोकी आणि तेवढ्याच वजनाचा गूळ बरणीत घालायचा, वर फडकं बांधायचं आणि सावलीत ठेवायचं. महिनाभरात वास बदलतो. आधी नकोसा असतो, मग आंबट-गोडसर होतो. गाळून निघालेलं दाट तपकिरी पाणी लिटरला एक मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. मुरवण्याचं महत्त्व इथंच आहे. माशातला किंवा पेंडीतला नत्र मुळाला जसाच्या तसा घेता येत नाही. जिवाणूंनी तो मोडून दिला की मगच घेता येतो. जमिनीत ते काम करणारे अगणित असतात. आमच्या ऑर्किडच्या टोपलीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि भिजवून धुतलेलं नारळाचं सोडण. तिथं त्यांची वस्ती अगदी विरळ. म्हणून कुजण्याचं काम बाहेर उरकून घ्यावं आणि तयार अन्न झाडापाशी न्यावं. गांडूळखताचं गाळलेलं पाणी मला याच कारणासाठी सर्वांत आवडतं. फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ केलं की आठवड्यातून एकदा देऊनही त्रास होत नाही. शेंगदाण्याच्या पेंडीत नत्र भरपूर, सात-आठ टक्क्यांपर्यंत. पण तिचा चुरा टोपलीत घातला तर बुरशीच येते. भिजवून, आंबवून, गाळूनच वापरावी. गोमूत्र तर फारच जपून.

अंड्याच्या कवचांचं कौतुक पुष्कळ होतं. कवच म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो साध्या पाण्यात नावालाच विरघळतो. चुरा वर्षभर तसाच पडून राहतो. केळीच्या सालीत पालाश आहे आणि ते पाण्यात सहज उतरतं, पण साल टोपलीत कुजू देऊ नये. तांदळाचं धुवण ताजं आणि पातळ असेल तर चालतं, शिळं नको. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य असणारच, हा समज झाडांना फार महाग पडतो.

बाकीचं थोडक्यात. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला सावलीतला उजेड, व्हँडाला सकाळचं ऊन, दोघांनाही वारा. पाणी सकाळीच. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी रात्रभर राहिलं तर गाभा कुजतो, तेव्हा ते कापसानं टिपून घ्यावं. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं टोपली भरपूर धुवावी, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात.

या कुळाला उधळेपणा ठाऊकच नाही. एका बोंडात लाखो बिया असतात, धुळीसारख्या, पण एकीपाशीही शिदोरी नसते. रानात विशिष्ट बुरशी बीमध्ये शिरते आणि तिला भरवते, तेव्हाच ती रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच अभ्यासकानं 1899मध्ये हे ओळखलं. पुढे 1922मध्ये लुईस नडसननं साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. आज रोपवाटिकेत मिळणारी रोपं काचेच्या बाटलीत वाढतात ती या कामामुळे. म्हणूनच घाटातल्या झाडांवरून ऑर्किड ओरबाडून आणून रस्त्याकडेला विकलेली दिसतात तेव्हा जीव कळवळतो. सीतेची वेणी या ऑर्किडचा गुलाबी ठिपक्यांचा घोस आसामात बिहूच्या दिवसांत बायका केसांत माळतात. आपल्याकडे तो जांभळावर, हिरड्यावर लोंबतो. त्याला तिथंच बघावं. वादळात फांदी मोडून खाली आलीच, तर तिच्यावरचं रोप उचलून जवळच्याच झाडाला सुतळीनं बांधावं. मुळं साल धरतात, तोवर सुतळी कुजून गळते.

दसऱ्यानंतर मी खत निम्म्यावर आणते आणि थंडी पडली की बंद करते. फॅलेनॉप्सिसचा दांडा रात्रीच्या गारव्यानं निघतो, खतानं नव्हे. सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बाट्युलम तर पानं गाळून नुसत्या काड्यांवर बसतं आणि त्या वाळक्या दिसणाऱ्या काड्यांवर जानेवारी-फेब्रुवारीत पांढरी फुलं येतात. त्या वेळी खत घातलं तर घेणारं मूळ जागंच नसतं. फाल्गुन-चैत्रात उन्हं तापतात, एखाद्या पांढऱ्या मुळाच्या टोकाशी पुन्हा हिरवं फुटतं. मी बरणी काढते ती ते दिसल्यावरच. काकूंनी कितीही म्हटलं तरी त्याआधी नाही.