अमर्ष आणि राखी

नाट्यशास्त्रांत जे ३३ व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत अमर्ष हा एक आहे. 'मृष्' म्हणजे सोसणें, क्षमा करणें. जें सोसवत नाहीं आणि ज्याची क्षमा करवत नाहीं, त्याचा जो दाह तो अमर्ष. वर्गांत हा शब्द शिकवितांना आम्ही भीमाचा दाखला देत असूं. याहून जवळचा दाखला आमच्यापाशीं होता, परंतु तो देण्याची सोय नव्हती. व्यभिचारी भाव येतो आणि जातो, असें शास्त्र म्हणतें. आमचा अमर्ष मात्र २४ वर्षें आमच्या घरीं ठाण मांडून बसला होता.

गोष्ट तशी लहानशीच. आमच्या एका सहकाऱ्यानें परीक्षेच्या गुणांसंबंधानें आमच्याविरुद्ध खोटा अर्ज केला. चौकशी झाली, आम्ही निर्दोष ठरलों. पण दरम्यान मुख्याध्यापकाची जागा भरली गेली, आणि ती त्याच गृहस्थांस मिळाली. निवृत्तीनंतर ते सायंकाळीं ज्या पारावर बसत, तो टाळण्यासाठीं आम्हीं फिरावयास जाण्याची वाटच बदलली. नव्या वाटेस चढण अधिक. गुडघे दुखत ते आमचे, त्यांचे नव्हेत! सौभाग्यवती म्हणत, "अहो, तुम्ही रागावलां आहांत हें त्यांना ठाऊक तरी आहे का?" या प्रश्नास उत्तर नसल्यामुळें आम्ही त्यांच्यावरही रागावत असूं.

आमच्या शेजारीं वसईकडील एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. पंथानें कॅथॉलिक, भाषेनें मराठी. फादर स्टीफन्सचें 'ख्रिस्तपुराण' त्यांच्या कपाटांत आमच्या मोरोपंतांइतकेंच जपून ठेवलेलें आहे. एके दिवशीं आमचें रडगाणें शांतपणें ऐकून घेऊन त्यांनीं सिस्टर राणी मारिया यांची हकीकत सांगितली.

ही बाई मूळची केरळांतील. मध्यप्रदेशांत, देवास जिल्ह्यांतील उदयनगर येथें ती गोरगरीब आदिवासी शेतमजुरांत काम करी. सावकाराच्या पाशांतून सुटण्याची वाट तिनें त्यांना दाखविली, आणि तेंच कांहीं लोकांस खुपलें. २५ फेब्रुवारी १९९५ रोजीं ती बसनें इंदूरकडे निघाली असतां समंदरसिंग नांवाच्या तरुणानें उतारूंच्या देखत तिच्यावर सुऱ्यानें वार केले. ५० हून अधिक जखमा झाल्या. रस्त्याच्या कडेलाच तिचा प्राण गेला. समंदरसिंगास जन्मठेप झाली. ज्यांनीं आपणांस चिथावलें त्यांचा सूड बाहेर पडल्यावर घ्यावयाचा, असें मनांत घोकीत तो तुरुंगांत बसला होता. स्वामी सदानंद या नांवानें ओळखले जाणारे एक कॅथॉलिक धर्मगुरु त्याच्याकडे जाऊं लागले, तेव्हां हळूहळू त्याचें मन निवलें. आणि २००२ सालीं रक्षाबंधनाच्या सुमारास मृत सिस्टरची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगांत गेली आणि तिनें त्याच्या मनगटास राखी बांधली. पुढें त्यांच्या वृद्ध मातेनें त्याच्या हातांचें चुंबन घेतलें. त्या हातांना आपल्या लेकीचें रक्त लागलें आहे, म्हणून! घरच्यांनींच त्याच्या सुटकेसाठीं शब्द टाकला आणि २००६ सालीं तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजीं इंदुरास राणी मारियांना 'धन्य' ही पदवी, म्हणजे संतपदाच्या आधींची पायरी, देण्यांत आली, त्या समारंभास तो हजर होता.

आम्हीं विचारलें, "त्या बहिणीचा राग आधीं गेला आणि मग तिनें राखी बांधली, कीं कसें?"

"तिच्या मनाचें मी काय सांगूं, गुरुजी? माझें सांगतों. वाडीच्या बांधावरून माझें आणि भावाचें वांकडें आलें होतें. पापनिवेदनाच्या वेळीं फादर म्हणाले, रोज त्याचें नांव घेऊन त्याचें भलें माग. पहिला महिनाभर मी दांत आवळून म्हणत होतों. आमच्या रोजच्या प्रार्थनेंत देवाकडे क्षमा मागतांना आपण दुसऱ्याला केलेल्या क्षमेचें माप पुढें करावें लागतें. मन नसलें तरी तोंडानें म्हणायचें. मन मागाहून येतें. कधीं वर्षांनीं येतें."

येथें आम्ही अडखळलों. क्षमा हा आम्हीं थोर मनाचा अलंकार मानला होता. मन थोर झालें म्हणजे ती आपोआप उमलेल, तोंवर वाट पाहावी. हे लोक तर उलट्या टोकाकडून आरंभ करतात! आधीं जीभ, मग हात, आणि सर्वांच्या शेवटीं मन. आणखी एक शंका होती, ती आम्हीं बोलूनही दाखविली: अशानें दुर्जनांचें फावणार नाहीं काय? ते म्हणाले, "राखी बांधली तेव्हां त्याला तुरुंगांत सात वर्षें झालीं होतीं. शिक्षा कोणी चुकविली नाहीं. पण क्षमा करावयाची ती ज्याची जखम त्यानें. दुसऱ्यानें ती त्याच्यावर लादूं नये." शेवटचें वाक्य आम्हांस विशेष पटलें. आजवर जो तो आम्हांस 'सोडून द्या' असा फुकटचा उपदेश करीत आला होता.

आम्हीं धर्म बदलला नाहीं. संध्या आमचीच, तिच्या शेवटीं मात्र त्या गृहस्थांचें नांव घेऊं लागलों. पहिल्या दिवशीं जीभ वळेना. दुसऱ्या दिवशीं 'त्यांस सद्बुद्धि होवो' असें म्हटलें. शेजाऱ्यांस सांगितलें तेव्हां ते मनसोक्त हंसले. "गुरुजी, ही प्रार्थना नव्हे, हा पुन्हां अर्जच झाला!" तेव्हांपासून 'त्यांचे गुडघे बरे राहोत' एवढेंच मागूं लागलों. मन आलें असें म्हणवत नाहीं. कांहीं रात्रीं तो जुना अर्ज अजूनही शब्दशः आठवतो.

यंदा संक्रांतीस तिळगुळाची पुडी खिशांत टाकून आम्ही जुन्या वाटेनें गेलों. ते पारावर एकटेच होते. दृष्टि अधू झालेली, "कोण?" म्हणून विचारलें. आम्हीं नांव सांगितलें. क्षणभर ते कांहींच बोलले नाहींत. मग काठी बाजूला घेऊन त्यांनीं जागा करून दिली. आम्हीं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेविला. हात थरथरत होता. कोणाचा, तें नीटसें सांगतां येत नाहीं.

अर्जाची गोष्ट त्यांनीं काढली नाहीं, आम्हींही काढली नाहीं. मोतीबिंदूविषयीं बोलणें झालें, नातवंडांविषयीं झालें. घरीं परतावयास दिवेलागण उलटून गेली.