गुणी बाळ

शांत मुलाचे आपल्याकडे फार कौतुक. रडत नाही, हट्ट करीत नाही, की झाले ते ‘गुणी बाळ’! हा शब्द मीही आयुष्यभर सढळ हाताने वाटला. 2024 च्या दिवाळीत मात्र तो माझ्याच घशात अडकला.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सदतिसावा आठवडा चालू होता. सहाव्या महिन्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासले, तेव्हा साखर 140 च्या वर निघाली होती. गरोदरपणातला मधुमेह! घरभर करंज्या-अनारशांचा घमघमाट, आणि ही बिचारी बोट टोचून साखर बघे नि भाकरी-मेथी खाई.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी चकल्या तळत होते. ती दाराशी येऊन म्हणाली, “आई, सकाळपासून बाळ फारसं हललं नाही गं.”

हातातला झाराही न ठेवता मी म्हणाले, “अगं, दिवस भरत आले की जागा पुरत नाही. निजलं असेल. गुणी आहे हो! सणाचा एक लाडू खा, बघ कसं उड्या मारील.”

तिने लाडू खाल्ला नाही. डाव्या कुशीवर निजून, पोटावर हात ठेवून वाट पाहिली, आणि चपला घातल्या. “आत्ताच जायचं. सकाळपर्यंत थांबू नका, असं सांगितलंय.”

कढई उतरवून मी निघाले, ती मनातून रागावूनच.

दवाखान्यात तिच्या पोटावर पट्टे बांधले. कागदावर रेघ उमटू लागली. मिनिटाला 142 ठोके! 110 ते 160 च्या आतले. मग सोनोग्राफी झाली. बाळ सुखरूप होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, दिवस भरले म्हणून बाळाचं हलणं कमी होत नाही. हलण्याची तऱ्हा बदलते, एवढंच. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते. ती वाढलेली राहिली तर बाळाला धोका असतो. गोड खाऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो.”

मला ‘आजी’ म्हणून प्रथमच कुणी हाक मारली होती. मान वर करवेना.

पुढे आठ दिवसांनी, औषधाने कळा आणून, नात झाली. आता ती घर डोक्यावर घेते. शेजारणी म्हणतात, “भारीच द्वाड हो!” मी हसते.

लेकीला लहानपणी मी किती वेळा म्हटले असेल, “माझं ऐकतेस, गुणी आहेस!” त्या संध्याकाळी तिने माझे ऐकले नाही. देवाची कृपा!