समोरचे चेहरे

त्या मुलाच्या शर्टाचं वरचं बटण गळ्याशी घट्ट लावलेलं होतं आणि टेबलाखाली अंगठ्याचं नख तर्जनीची कड खरवडत होतं. वय बारा. डेहराडूनच्या आरआयएमसीत, म्हणजे लष्कराच्या शाळेत, त्याला आठवीत प्रवेश हवा होता. लेखी परीक्षा पार पडली होती, मुलाखत राहिली होती.

"सकाळी काय खाल्लंस?" मी विचारलं.

पाठ ताठ झाली. "माय हॉबी इज रीडिंग, मॅडम."

क्लासनं तीन महिने उत्तरं घोटून घेतली होती. तो प्रश्न ऐकतच नव्हता. पाठ केलेलं पहिलं उत्तर कधी म्हणून टाकतो, असं त्याला झालं होतं. वडील बाहेर म्हणाले, "तसा हुशार आहे हो, फक्त कॉन्फिडन्स कमी पडतो." शालेय समुपदेशनाच्या कामात हे वाक्य दर आठवड्याला कानावर येतं. संपादकांनीही या अंकासाठी मागितल्या त्या मुलाखतीत शांत राहण्याच्या दहा युक्त्याच.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेऊन निवड करणं बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार पहिल्या वेळी २५,००० आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काही शाळा त्याला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात आणि पालक निमूटपणे पोराला घेऊन जातात. नर्सरीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असं तर यशपाल समितीनं १९९३ मध्येच सांगितलं होतं.

मोठ्या मुलांना मात्र काही ठिकाणी मुलाखत चुकत नाही. आरआयएमसीत ४५० पैकी ५० गुण तिचे असतात आणि त्यातले निम्मे मिळवावेच लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये, म्हणजे लष्करी अधिकारी होण्याची पूर्वतयारी करून घेणाऱ्या संस्थेत, दहावीनंतर लेखी परीक्षेपाठोपाठ मुलाखत असते.

आता घाबरण्याविषयी. माणसाला प्रयोगशाळेत ताण द्यायचा तर कसा द्यावा, याची एक पद्धत जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये बसवली गेली. माणसाला परीक्षकांपुढे पाच मिनिटं बोलायला लावायचं, मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करायला सांगायचं. परीक्षकांना एकच सक्त ताकीद असते: चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मान हलवायची नाही, हसायचं नाही. तेवढ्यानं लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढतं. पुढे २००४ मध्ये अशा २०८ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला. कोणीतरी आपल्याला जोखतंय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढतं, असं त्यात दिसलं. मुलाखत म्हणजे नेमकं हेच. मोठ्यांची ही गत, तर बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला घाम फुटला म्हणून ‘कॉन्फिडन्स कमी’ कसं म्हणायचं?

‘पॉवर पोझ’बद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण क्लासवाले अजून ती शिकवतात. दोन मिनिटं ऐटीत, हातपाय पसरून राहा, संप्रेरकं बदलतात, असं म्हणणारा अभ्यास २०१० मध्ये आला. माणसं होती फक्त ४२. त्यावरचं २०१२ चं भाषण जगभर पाहिलं गेलं. २०१५ मध्ये २०० जणांवर तोच प्रयोग झाला. अधिक जोर वाटतो असं लोक म्हणाले, पण संप्रेरकं बदलली नाहीत. २०१६ मध्ये तर मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनंच, हा परिणाम खरा आहे असं आपल्याला वाटत नाही, हे जाहीर केलं. हे पालकांना सांगितलं की ते नाराज होतात, "पण मॅडम, व्हिडिओत तर..."

उपयोग कशाचा होतो? श्वास आत घेताना चार आणि सोडताना सहा मोजावेत. उच्छ्वासात हृदयाची गती उतरते, हे शरीराचंच काम आहे. प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबावं. "सर, मला हे माहीत नाही" हे वाक्य मोठ्यानं म्हणायचा सराव करावा. घरात ज्याला ते कधी म्हणू दिलेलं नाही, त्याच्या तोंडून ते तिथे निघणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अनोळखी, न हसणाऱ्या चेहऱ्यांसमोर बोलायची सवय.

हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी त्या मुलाच्या वाट्याला आलेल्या एका तासातली पहिली वीस मिनिटं मी त्याची बसण्याची ढब सुधारण्यात घालवली. त्याची निवड झाली नाही. वीस मिनिटांनी निकाल फिरला असता असं म्हणवत नाही, पण ती अजून टोचतात.

यंदा ज्यांची मुलं मुलाखतीला जाणार आहेत, त्यांना कळकळीची विनंती आहे. शेवटच्या महिन्यात घोकंपट्टी बंद करा. सोसायटीतल्या निवृत्त सुभेदारांकडे, ओळखीच्या बँकेतल्या मॅनेजरबाईंकडे मुलाला अर्धा तास एकट्याला पाठवा. त्यांना हवं ते विचारू द्या, तुम्ही दाराबाहेरही थांबू नका. आणि तो घरी आला की काय काय विचारलं म्हणून लगेच खोदू नका. आधी जेवायला वाढा.