साखळीतले घर आणि आपली झोप

आपला मुलगा वा मुलगी इंग्लंडमध्ये पहिले घर घेत असेल, तर ‘चेन’ हा शब्द आपल्या कानी आलाच असेल. घर विकणारा त्याच वेळी दुसरे घर घेत असतो, त्या घराचा मालक तिसरे; एक दुवा अडला की सारेच थांबतात. किंमत ठरली तरी करारांची देवघेव होईपर्यंत कोणीही बांधील नसतो.

आपण पैशांची मदत करणार असाल, तर मुलांचा सॉलिसिटर आपलेही ओळखपत्र, बँकेचे उतारे आणि ‘ही भेट आहे, कर्ज नव्हे’ असे सहीचे पत्र मागतो. तो अविश्वास नसून मनी लाँडरिंगविरुद्धच्या तेथील २०१७ च्या नियमांचे बंधन आहे.

तेथील संध्याकाळ म्हणजे आपली रात्र. फोनसाठी जागणारे, रक्तदाबाची गोळी विसरणारे आईवडील माझ्या दवाखान्यात येतात. कागद आत्ताच एका फायलीत लावून ठेवा. चौकशीसाठी आठवड्यातला एकच दिवस ठरवा. गोळी चुकवू नका. आणि सही करण्यापूर्वी उमजून घ्या, भेट दिलेला पैसा परत मागता येत नाही. म्हणूनच आजारपणासाठी राखलेली ठेव मोडू नका. मुलांच्या डोक्यावर छप्पर येताना आपल्या म्हातारपणाचा आधार निसटू नये.