पहिले हजार किलोमीटर

सत्तावीस वर्षे आमच्या दारात मोटरसायकल उभी राहिली नव्हती. गेल्या दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ रोजी, ती आली. आणि आली तीही साधी, कामावर जाण्यायेण्याची नव्हे, तर शर्यतीच्या गाड्यांच्या वळणाची, निळ्या रंगाची, पुढून चोचीसारखी निमुळती अशी. चिरंजीवांनी पत्नीकरवी तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढविले, झेंडूची माळ घातली, दोन्ही चाकांखाली लिंबे ठेवली आणि नारळ वाढविला. गल्लीतील पोरे भोवती जमली. माझी आई मात्र देवघरातून बाहेर आली नाही. यंत्र सुरू झाल्याचा आवाज ऐकताच तिने आतले दार लोटून घेतले.

आमचे घर सुरतेच्या नवागामात. मूळचे आम्ही फोंड्याकडचे. वडील कापडगिरणीतील नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इकडचेच झाले. शेजार बहुतेक खानदेशचा. यंत्रमागांच्या आश्रयाने धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली ही मंडळी इतकी आहेत की घरात कोंकणी, ओटीवर मराठी, गल्लीत अहिराणी आणि दुकानात गुजराती असा आमचा दिवस चार भाषांतून फिरून येतो. अशा वस्तीत, जेथे सकाळपासून कापडाच्या ताक्यांनी लादलेले टेम्पो गल्ली अडवून उभे असतात, तेथे ताशी शंभराच्या वर पळणारी गाडी कशास हवी, हा प्रश्न मीही विचारला. चिरंजीव भरतकामाच्या यंत्रांसाठी संगणकावर नक्षी काढतो. त्याने उत्तरादाखल आपली शिल्लक दाखविली. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता, त्याचीच तो वाट पाहत होता. उरलेल्या रकमेच्या कर्जावर जामीन म्हणून सही माझी आहे. ती करताना माझा हात का थबकला, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो काही बोलला नाही.

१९९८ च्या जून महिन्यात, पावसाच्या पहिल्या आठवड्यात, माझा धाकटा भाऊ बारडोलीहून मोटरसायकलवर परत येत होता. वय चोवीस. समोर अचानक म्हैस आली. त्याने पायाचा ब्रेक सर्व बळाने दाबला, मागील चाक अडकले, गाडी आडवी होऊन घसरत गेली. मागून येणाऱ्या एका ट्रकचालकाने हे सारे पाहिले होते. त्यानेच आम्हांस सांगितले. त्या दिवसानंतर घरात सायकल राहिली, बसचा पास राहिला. मोटरसायकलचा विषयदेखील निघेना. मी परवाना नेमाने नूतन करीत आलो, वापरीत मात्र नव्हतो.

आता गाडीविषयी. यामाहाची आर-१५ हे तिचे नाव. २००८ साली ती प्रथम आपल्या देशात आली. आमची आहे ती चौथी आवृत्ती, २०२१ सालापासूनची. यंत्र अवघे १५५ सीसीचे, पण पाण्याने थंड राहणारे, सहा गिअरांचे आणि १८.४ अश्वशक्तीचे. ज्या वाचकांनी तरुणपणी म्हैसूरची जावा किंवा मद्रासची बुलेट चालविली असेल त्यांना तिचा आवाज पोरकट वाटेल. तिच्यात धडधड नाही. एक बारीक, शिवणयंत्रासारखा सूर आहे, तो चढत जातो. ७,४०० फेऱ्यांच्या पुढे म्हणे यंत्रातील झडपांची उघडझाप बदलते आणि गाडीचा स्वभावच पालटतो. म्हणे, असे मी म्हणतो, कारण नव्या यंत्राला पहिले हजार किलोमीटर फार पळवावयाचे नसते. या नियमाला मी माझी एक अट जोडली: हजार पूर्ण होईपर्यंत हमरस्त्यावर न्यावयाची नाही. चिरंजीवांनी ती एखाद्या व्रतासारखी पाळली, असे म्हणावयास हरकत नाही.

तिच्यावर बसणे हा मात्र एक संस्कार आहे. हात पुढे आणि खाली, पाय मागे, पाठ वाकलेली. आमचे शेजारी म्हणाले, ही गाडी चालविणारा सदैव कोणाच्या तरी पाया पडत असल्यासारखा दिसतो. पंचावन्न वर्षांच्या मनगटांना अर्ध्या तासात हा भक्तिभाव जाणवू लागतो. तेविसाव्या वर्षी त्याचे काहीच वाटत नाही. मागील बैठक उंच आणि चिमुकली. तिच्यावर साडी नेसून एका अंगास बसणे म्हणजे कसरत. पत्नीने एकदा नजरेनेच मोजमाप घेतले आणि मी रिक्षाने येईन म्हणाली.

पण मला सांगावयाचे आहे ते निराळेच. गाडीच्या दोन्ही चाकांवर, तबकडीच्या शेजारी, खाचा असलेली एक पातळ कडी आहे आणि तिच्याजवळ एक लहानसे संवेदक. चाक किती वेगाने फिरते हे ते अखंड मोजत राहते. ब्रेक दाबल्यावर चाक फिरावयाचे थांबून घसरू लागणार असे दिसताच ब्रेकमधील तेलाचा दाब क्षणभर सैल होतो, पुन्हा वाढतो, पुन्हा सैल होतो. सेकंदात कित्येक वेळा. यालाच एबीएस म्हणतात. १२५ सीसीच्या वरील नव्या दुचाकींना ते एप्रिल २०१८ पासून आणि अशा सर्वच दुचाकींना एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सक्तीचे झाले. मी हे वाचले तेव्हा उठून ओसरीवर गेलो आणि त्या कडीकडे बराच वेळ पाहत राहिलो.

दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला. त्या रविवारी पहाटे आम्ही दोघे वस्तीपलीकडील एका मोकळ्या, सिमेंटच्या मैदानावर गेलो. जमीन ओलीचिंब होती. मी शिरस्त्राण चढविले आणि चिरंजीवास बाजूस उभे केले. ताशी तीसचा वेग घेतला आणि पायाचा ब्रेक पूर्ण दाबला, जसा त्याने दाबला असेल तसा. शरीर आपोआप आखडले; गाडी आता आडवी होणार म्हणून मी डोळे मिटले की काय, आठवत नाही. पायाखाली टकटक असे काहीतरी उलटे ठोकू लागले, जणू आतून कोणी दार वाजवीत आहे. गाडी सरळ रेषेत चालत जाऊन थांबली. मी पुन्हा वळविली. चाळीसचा वेग. पुन्हा तीच टकटक, पुन्हा सरळ रेषा. किती वेळा हे केले याचे मला भान नव्हते. शेवटी चिरंजीव जवळ आला आणि हळूच म्हणाला, “बाबा, अकरा झाले. आता पुरे.”

परतताना मी त्याला या युक्तीच्या मर्यादाही सांगितल्या. रेतीखडीवर ती थांबण्याचे अंतर वाढवू शकते, वळणात झुकलेल्या गाडीला सावरीलच असे नाही, आणि समोरची म्हैस काही तिने हटत नाही. त्याने सारे ऐकून घेतले. बापाचे बोलणे त्या दिवशी त्याला लांबलेले वाटले नाही, एवढे खरे.

घरी येऊन मी आईला ओसरीवर बसविले. तिला दिसते कमी. तिचे बोट धरून मी त्या कडीच्या खाचांवरून फिरविले आणि ब्रेक कसा धरतो, कसा सोडतो, हे कोंकणीत समजावून सांगितले. ती बराच वेळ खाचा चाचपीत राहिली. मग म्हणाली, “त्या वेळार हें नासलें?”

मी ‘ना’ म्हणालो. ते अर्धेच खरे होते. जर्मनीतील बीएमडब्ल्यू कारखान्याने १९८८ साली आपल्या मोटरसायकलला अशी योजना बसविली होती. म्हणजे जगात ती होती, भावाच्या मृत्यूच्या दहा वर्षे आधीपासून. आमच्या रस्त्यांवर, आमच्या ऐपतीच्या गाड्यांत ती नव्हती. हे ऐंशी वर्षांच्या बाईला कोणत्या तोंडाने सांगावे? अजून सांगितलेले नाही.

नोव्हेंबरात हजार किलोमीटर पूर्ण झाले. पहिली तपासणी झाली, तेल बदलले आणि माझी अट संपली. चिरंजीव म्हणाला, नवापूरला जाऊन येतो. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगढ. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध सीमा जाते. तेथे बसून छायाचित्र काढावयाचे होते त्याला. बारडोलीचे नाव निघाले तेव्हा घरात कोणी कोणाकडे पाहिले नाही.

शनिवारी सकाळी सहाला त्याने गाडी बाहेर काढली. मी हातमोजे, कागदपत्रे, चाकांतील हवा, सारे दोनदा पाहिले. यंत्र सुरू झाले. आतले दार उघडेच होते, आई भिंत धरीत धरीत ओसरीपर्यंत आली, आणि आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, “पुता, सावकास वच रे.”

साडेनऊ वाजता त्याचा दूरध्वनी आला. तो बाकावर बसला होता. कोणत्या राज्यात, असे आईने विचारले.