वैभवद्वाराचे रंग

स्पेनच्या वायव्य टोकास, गॅलिसिया प्रांतात, सांतियागो दे कोंपोस्तेला हे ख्रिस्ती यात्रेकरूंचे प्राचीन तीर्थक्षेत्र आहे. तेथील कॅथेड्रलच्या पश्चिम बाजूस ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’, म्हणजेच वैभवद्वार, उभे आहे. मास्टर मातेओ या शिल्पकाराच्या देखरेखीखाली ते घडले. द्वारावरील तुळयांवर ११८८ हे वर्ष कोरलेले आहे. मधल्या कमानीवर वाद्ये घेतलेले चोवीस वृद्ध बसले आहेत. खाली संदेष्टा दानिएल स्मित करीत उभा आहे.

बहुतांश शिल्पे ग्रॅनाइटची असल्याने दगडाचा करडा रंग हेच त्यांचे मूळ रूप, असा समज सहज होतो. वस्तुतः ती सोने आणि मौल्यवान रंगांनी मढलेली होती. निळाईसाठी लाजवर्द खड्याची पूड वापरली होती. हा खडा त्या काळी अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून निघे आणि अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून युरोपात पोहोचे. पुढील शतकांत या रंगांवर पुन्हा पुन्हा नवे थर चढत गेले.

अठराव्या शतकात द्वारासमोर नवा दर्शनी भाग उभारला गेल्याने ऊन-पाऊस थेट लागेनासा झाला. तरी छतातून झिरपणाऱ्या पाण्याने क्षार बाहेर आले आणि रंगांचे पापुद्रे सुटू लागले. मधल्या संगमरवरी स्तंभावर तर यात्रेकरूंच्या शतकानुशतकांच्या स्पर्शाने पाच बोटांचे खळगे पडले. श्रद्धेचा हातही दगड झिजवितो!

२००६ साली सुरू झालेले जतनाचे काम २०१८ साली पूर्ण झाले. प्रथम ओलाव्याचे मूळ शोधून छताची दुरुस्ती झाली. टाचणीच्या टोकाएवढे रंगकण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून थरांचा क्रम लावण्यात आला. मग धूळ व क्षार दूर करून सुटलेले पापुद्रे जागच्या जागी चिकटविण्यात आले. गेलेला रंग मात्र कोणी नव्याने भरला नाही. कोणता थर ठेवावा, या मोहात न पडता प्रत्येक काळाचे जे उरले ते राखले गेले.

आज तेथे मर्यादित संख्येनेच प्रवेश मिळतो आणि स्तंभाला हात लावता येत नाही. जीर्णोद्धार म्हटला की नवा झगझगीत रंग, हे समीकरण सर्वत्र रूढ आहे. वैभवद्वारापुढे उभ्या राहणाऱ्यास मात्र पुसट निळाई आणि सोन्याचे तुरळक कण दिसतात. ते खरे असतात, हेच त्यांचे मोल.