आईचे पातेले

रंगपेटी महाग, म्हणून आम्ही भावंडांनी कोळशाची कांडी आणली. विलो झाडाच्या काड्या हवा न लागू देता भाजल्या की ही कांडी होते. समोर ठेवले आईचे पोचे पडलेले जर्मनचे पातेले आणि दोन कांदे. आई जाऊन वर्ष झाले होते. पातेले मोडीत द्यायचे ठरले होते. डोळे बारीक करून पाहिले, तर कडेची रेघ कुठेच नाही. नुसता उजेड आणि सावली. मागची भिंत काळी केली, तशी पातेल्याची कड उजळली. चकाकी म्हणजे कोरा ठेवलेला कागद. तो काळवंडलाच तर पावाच्या मऊ गराने टिपता येतो. प्रत्येक पोच्याची सावली निराळी. एवढे निरखून आम्ही ते भांडे कधी पाहिलेच नव्हते. पातेले मोडीत गेले नाही. वाचकहो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी मुलांकडून तिचे चित्र एकदा काढून घ्या.